चकमकीच्या पिस्तुलाची ओळख



गिरगांवांतील एखाद्या जुन्या बिऱ्हाडाच्या माळ्यावर, परळ-लालबागकडील एखाद्या घरच्या पेटींत, अथवा भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारांत एखादे वेळीं असें पिस्तूल हातीं येतें कीं, ज्याच्या घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा धरलेला असतो. घरचीं माणसें म्हणतात, हें पेशवाईंतलें. दुकानदार म्हणतो, हें कंपनी सरकारचें. दोघांच्याहि म्हणण्याला आधार एकच, आणि तो म्हणजे वस्तूचें रूप. परंतु रूप हा या बाबतींत फार कच्चा साक्षीदार होय. कारण याच रूपाचीं पिस्तुलें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, विकत आणलेल्या सुट्या भागांच्या संचांतून, हौशी लोकांनीं घरोघर जुळविलीं आहेत. तसलें एखादें पिस्तूल कसें ओळखावें आणि तें ओळखणें अगत्याचें कां आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या यंत्राची रचना पाहूं. नळीच्या तोंडांतून दारू व गोळी घालून ती गजानें ठासावयाची. नळीच्या बुडाशीं एका बाजूस बारीक छिद्र असतें. तोफेप्रमाणें यालाहि कान म्हणतात. कानाबाहेर एक लहानशी वाटी आणि तींत चिमूटभर बारीक दारू. हिलाच रंजक म्हणतात. वाटीवर पोलादाचें झांकण असतें आणि त्या झांकणाचाच एक भाग पडद्यासारखा उभा असतो. चांप ओढला कीं घोडा सुटतो, गार त्या पडद्यावर घासते, ठिणग्या उडतात, त्याच धक्क्यानें झांकण उघडतें, वाटींतली दारू पेटते आणि कानांतून ज्वाला आंत शिरते. ही दारू काळी. सामान्यतः तिच्या शंभर भागांत सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा आणि गंधक दहा भाग असतो.

ही कळ सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें पूर्णत्वास आली. १८०७ सालीं फोर्साइथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या रसायनाचें पेटंट घेतलें, आणि त्या मार्गानें पुढें १८४० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यानें गार टाकून टोपी स्वीकारली. आपल्याकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या दोरीनें बार काढण्याच्या, बंदुका फार काळ प्रचारांत होत्या. तरी कवायती पलटणींबरोबर चकमकीची कळहि आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर आरंभीं बदामाच्या आकाराची, चार खणांची, आद्याक्षरांची खूण असे. १८०८ च्या सुमारास तिच्या जागीं मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. महादजी शिंद्यांच्या पदरच्या डी बॉइनच्या पलटणींसाठीं तर आग्र्याच्या कारखान्यांत युरोपी धर्तीच्या बंदुका तयार होत. म्हणजे नक्कल ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. जुनी नक्कल हाहि इतिहासच आहे. मात्र ती कोणत्या काळची, हें ठरवितां आलें पाहिजे.

आतां संचाविषयीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाची शताब्दी १९६१ पासून साजरी होऊं लागली, आणि १९७६ सालीं त्या देशाच्या स्वातंत्र्याचीं दोनशें वर्षें पुरीं झालीं. या काळांत तेथें काळ्या दारूच्या हत्यारांचा छंद फार वाढला. इटलींत ब्रेशियाजवळचें गार्दोने हें गांव आणि स्पेनमध्यें एइबारचा परिसर येथील कारखाने या हौसेला माल पुरवूं लागले. तयार हत्यारापेक्षां संच स्वस्त पडे. पेटींत नळी, कळ, अर्धवट कोरलेला लांकडी दस्ता, पितळी साज, गज आणि स्क्रू असत. विकत घेणारानें लांकूड घासावें, पितळ कानशीनें साफ करावें, नळीला तपकिरी वा निळसर रंग चढवावा आणि भाग एकमेकांत बसवावे, अशी योजना होती. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें जुन्या धर्तीच्या अशा बहुतेक हत्यारांना बंदुकीच्या व्याख्येंतून वगळल्यामुळें हे संच टपालानेंहि मिळत. तिकडे राहिलेल्या एखाद्या गृहस्थाच्या सामानांतून असें पिस्तूल मुंबईस येणें मुळींच अशक्य नाहीं.

आणि येथेंच ओळखीची अडचण उभी राहते. कारखान्यांतील शंभर पिस्तुलें एकमेकांसारखीं असतात. संचांतून झालेलीं शंभर पिस्तुलें मात्र शंभर हातांचीं असतात. एकानें दस्ता आंखूड केला, दुसऱ्यानें त्यावर चांदीची तार ठोकली, तिसऱ्यानें एका कारखान्याच्या नळीला दुसऱ्याची कळ बसविली. असें पिस्तूल कोणत्याहि सूचींतील चित्राशीं जुळत नाहीं, आणि तें जुळत नाहीं म्हणूनच पाहणारास दुर्मिळ वाटतें.

यास्तव संपूर्ण रूपाकडे न पाहतां एकेक भाग निराळा वाचावा. जाणकार मनुष्य नळी दस्त्यापासून सोडवितो आणि तिची खालची बाजू पाहतो, कारण हौशी माणूस वरचीं अक्षरें घासून टाकतो, पण झांकलेला भाग बहुधा तसाच ठेवतो. इटलीच्या नळीवर सरकारी परीक्षेचे शिक्के असतात. ताऱ्याखालीं 'पी' व 'एन' हीं अक्षरें असलीं तर ती काळ्या दारूची खूण होय. जवळच वर्षाचा संकेत असतो. रोमन दहा म्हणजे १९५४, रोमन तीस म्हणजे १९७४. १९७५ पासून दोन अक्षरांचा संकेत सुरू झाला, आणि त्या वर्षाचीं अक्षरें 'ए ए'. एवढ्या एका खुणेनें पेशवाईचा प्रश्न क्षणांत निकालांत निघतो.

शिक्के नसले तर इतर साक्षी आहेत. जुन्या कारागिराचे स्क्रू हातचे; ते एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत. यंत्रावरचे सगळे सारखे आणि आजच्या मापाचे असतात. जुन्या कळींत पोलादी पट्टी दुमडून केलेली कमान असते. संचांतल्या कांहीं कळींत तिच्या जागीं तारेची वेटोळी कमान सांपडते. पुष्कळ बार काढलेल्या जुन्या पिस्तुलाचा कान झिजून रुंदावलेला असतो. नव्याच्या कानांत कधीं कधीं आट्यांची वेगळी नळकांडी बसविलेली दिसते. शेवटीं लांकूड पाहावें. हाताळून आलेली झिळई आणि रंग लावून आणलेला काळेपणा यांतला भेद कळीची पट्टी काढतांच कळतो: आंतल्या खांचेंत नवें लांकूड नवेंच राहिलेलें असतें.

हा सर्व खटाटोप केवळ कुतूहलासाठीं नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें कालबाह्य धर्तीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या हत्यारांना जी सूट दिली आहे, ती दुरुस्तीनेंहि ज्यांतून बार निघूं शकत नाहीं अशांनाच आहे. संचाचें पिस्तूल तर बार काढण्यासाठींच बनविलेलें असतें. तें दिसावयास कितीहि जुनें असलें तरी कायद्यापुढें तें हत्यारच, आणि परवान्यावांचून तें परदेशांतून आणतां येत नाहीं. उलट, खरोखर शंभर वर्षांपलीकडचें पिस्तूल १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याच्या कक्षेंत येऊं शकतें, आणि मग तें खासगी रीतीनें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. एकाच रूपाच्या दोन वस्तु, परंतु मालकाची जबाबदारी अगदीं भिन्न.

दुसरी गोष्ट याहून निकडीची. तोंडांतून भरावयाच्या हत्यारांत जुना बार तसाच राहिलेला असूं शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरहि पेट घेते. म्हणून असें पिस्तूल सांपडल्यास घोडा चढवून पाहूं नये, नळींत डोकावूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये. तें आहे तेथेंच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी आणि पुढची तपासणी जाणत्या माणसाकडून करवावी.

फोर्टमधील आपल्या वस्तुसंग्रहालयांतील शस्त्रांचें दालन पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, प्रत्येक हत्याराखालच्या चिठीवरच त्याचें निम्में मोल अवलंबून असतें. संचाच्या पिस्तुलांत कांहीं कमीपणा नाहीं. एखाद्या हौशी माणसानें सुटीच्या दिवसांत घासून-पुसून उभी केलेली ती वस्तु आहे, आणि तशी चिठी तिला शोभते. परंतु तिच्यावर पेशवाईची चिठी डकविली, तर पुढची पिढी तिला घराण्याचा पुरावा मानील आणि तिच्याभोंवतीं नसलेल्या पराक्रमाची कथा रचील. खोट्या चिठीनें पिस्तूल जुनें होत नाहीं. घराण्याचा इतिहास मात्र खोटा होतो.