स्क्रीनच्या अलीकडची बाजू

लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखण्याची पहिली खूण उघड्या डोळ्यांना दिसते. मूल शांत असताना त्याचे पोट मिनिटात किती वेळा वर-खाली होते, ते मोजायचे. गडचिरोलीतल्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत, म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्यांच्या हाती एक उपकरण दिले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा आणि जवळचे औषध सुरू करायचे. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली आलेल्या अभ्यासानुसार, जिथे हे काम चालले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

याच आजारासाठी बिहारमध्ये २०११ पासून टेलिमेडिसिनचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. गावातले खासगी उपचारक साखळीत जोडून घ्यायचे आणि शहरातल्या डॉक्टरांचा सल्ला त्यांच्यामार्फत पोहोचवायचा, अशी त्याची रचना होती. २०१६ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. मुलांच्या जुलाबावर आणि न्यूमोनियावर योग्य उपचार मिळण्याच्या प्रमाणात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. या दोन प्रयोगांची थेट तुलना करता येणार नाही, हे मान्य. गडचिरोलीत संशोधक स्वतः पाठीशी उभे होते आणि बिहारचा पसारा कितीतरी मोठा होता. तरीही माझा निष्कर्ष ठाम आहे. टेलिमेडिसिनचे यश स्क्रीनच्या पलीकडे बसलेल्या डॉक्टरपेक्षा अलीकडे कोण आहे आणि कपाटात काय आहे, यावर ठरते.

केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’कडे याच नजरेने पाहायला हवे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, रुग्णाला समोर बसवून वरच्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देतात. मांडणी चांगलीच आहे. पण सल्ल्यांची संख्या हे उपचाराचे माप नव्हे. लिहून दिलेली गोळी त्याच दिवशी उपकेंद्रात मिळाली का, आणि रुग्ण महिन्याने परत आला का, हे दोन आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

रुग्णाने स्वतःच तपासण्या करून घ्यायच्या ‘हेल्थ एटीएम’बाबतही तेच. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे लागते. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू घेतलेली चालत नाही. पाठ टेकलेली आणि दंड हृदयाच्या पातळीला हवा, शिवाय पट्टा दंडाच्या मापाचा हवा. ऊन तुडवत आलेल्या माणसाने मशीनमध्ये तसाच हात घातला तर आकडा उमटेल, पण त्यावर विसंबता येणार नाही. आणि आकडा बरोबर असला तरी एकाच मोजणीवर आयुष्यभराची गोळी सुरू करत नाहीत. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात २०१७ पासून डिजिटल यंत्रे आणि मोबाइल अॅप, दोन्ही वापरली गेली. पण त्यांच्या जोडीला ठरलेली औषधयोजना होती, मोफत गोळ्या होत्या आणि न आलेल्या रुग्णाला शोधून काढणारी माणसे होती. तंत्रज्ञान तिथे उपयोगी पडले ते या जोडीमुळे.

यावर आक्षेप येतो की डॉक्टर खेड्यात जायला तयारच नाहीत, मग निदान स्क्रीनवर तरी भेटू देत. आक्षेप खोटा नाही. त्वचारोग, मनोविकार, मधुमेहाच्या औषधातले फेरफार अशा कामांत दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला रुग्णाचा एक दिवस, मजुरी आणि एसटीचे भाडे वाचवतो. पण अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या माणसाला स्क्रीन पुरत नाही. तिथे गाडी लागते, प्रतिविष लागते, शीर शोधणारा हात लागतो. म्हणून व्हिडिओवर सल्ला मिळतो या कारणाने प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिकामे ठेवायला माझा विरोध आहे. दुसरा आक्षेप पैशांचा. औषधे आणि माणसे हा दरवर्षीचा खर्च, तर यंत्र एकदाच घ्यायचे. प्रत्यक्षात यंत्रालाही दुरुस्ती लागते, तपासणीच्या पट्ट्या लागतात, वीज आणि नेटवर्क लागते. तेव्हा यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाला दोन कागद जोडलेले असावेत: त्या उपकेंद्राच्या औषधसाठ्याची मागच्या वर्षभराची नोंद आणि यंत्र हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश. ते नसतील तर प्रस्ताव परत पाठवावा.