घटकाभर बसायची जागा

मैत्रिणींनो, मुंबई-पुण्याला आपण कशासाठी जातो? कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, लेकीचं बाळंतपण, नाहीतर मुलाच्या ॲडमिशनची धावपळ. वेळ उरलाच तर सिद्धिविनायक, दगडूशेठ आणि थोडी खरेदी. दादरच्या गर्दीतून पिशव्या सांभाळत गाडीत येऊन बसलो की झाली मुंबई! बाग पाहायला म्हणून मात्र कुणी जात नाही. बाग म्हणजे लहान मुलांसाठी, ही आपली पक्की समजूत.

आमच्या बचत गटाच्या अकरा जणी एकदा प्रदर्शनासाठी मुंबईला गेलो होतो. शेवटचा दिवस मोकळा होता. चौपाटी, मॉल, राणीबाग अशी चर्चा झाली आणि शेवटी राणीबाग ठरली. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अवं ताई, झाडं पाहायला मुंबईला यायचं व्हय? शेतात काय कमी झाडं हायेत?"

प्रश्न बरोबरच होता. पण राणीबाग पाहून झाल्यावर त्याचं उत्तरही मावशींनीच दिलं.

सीएसएमटीहून धिम्या लोकलने मशीद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा. पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याजोगी आहे. इंग्रजांनी ती १८६२ मध्ये सुरू केली आणि तिला राणी व्हिक्टोरियाचं नाव दिलं, म्हणून राणीबाग. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्या जालन्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर, सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजाऊंचं नाव मुंबईच्या भर वस्तीतल्या बागेला आहे, हे ऐकूनच आमच्या बायकांची छाती फुगली!

लोक तिथे वाघ आणि २०१७ पासून पेंग्विन पाहायला गर्दी करतात. पण खरी श्रीमंती झाडांची आहे. सुमारे तीन हजार झाडं आणि २८० हून जास्त जाती. जाडजूड खोडाची गोरखचिंच, तोफगोळ्यासारखी फळं लटकलेला कैलासपती, लाल फुलांच्या झुंबरांची उर्वशी. वाचत, विचारत आम्ही दोन तास फिरलो. मग एका मोठ्या झाडाखाली सगळ्या बसल्या. कुणी चप्पल काढून पाय पसरले, कुणी पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शेतात झाडाखाली टेकलं की कुणी ना कुणी हाक मारतंच. इथं कुणी हाक मारीना."

बघा, किती मोठी गोष्ट सहज बोलून गेल्या! आपल्याला झाडांची कमी नाही. कमी आहे ती काम नसताना बसायच्या जागेची. पुरुषांना पानटपरी आहे, पार आहे, हॉटेलचा बाक आहे. बाई मात्र बाहेर दिसली की "कुठं निघालात?" हा प्रश्न ठरलेला. दळण, भाजी, बँक, देवळातली आरती... काहीतरी कारण सांगावंच लागतं. "जरा बसायला निघाले," असं उत्तर आपल्यापैकी किती जणींनी आजवर दिलंय?

मुंबईच्या बायकांचंही फार वेगळं नाही बरं का. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. शहरातली बाईसुद्धा रस्त्यावर, बागेत काहीतरी काम असल्याचं दाखवतच वावरते, असं त्यात मांडलं आहे. विनाकारण रेंगाळणं हासुद्धा बाईचा हक्क आहे, असं त्या म्हणतात. आपल्याकडे हे ऐकून सासूबाई डोळे मोठे करतील, पण मनातून त्यांनाही पटेल!

आता दुसरी गोष्ट. बाग असून भागत नाही, ती उघडी हवी. पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी अकराच्या सुमारास बंद होतात आणि दुपारी चारच्या सुमारास उघडतात. घरातल्या बाईला मोकळा वेळ कधी मिळतो? डबे, स्वयंपाक, धुणं-भांडी उरकून दुपारी एक ते चार. नेमकं तेव्हाच बागेला कुलूप! वेळ ठरवताना बायकांना कुणी विचारलंच नसावं. राणीबाग दुपारी उघडी असते, म्हणून तर आम्हाला सावलीत बसता आलं.

तिसरी गोष्ट लाजेची वाटते, पण बोललीच पाहिजे. प्रवासाला निघालं की आपण पाणी पीत नाही. का, ते प्रत्येकीला माहीत आहे. मुंबईत बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुतारी हवी म्हणून २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ चालली. ज्या बागेत स्वच्छतागृह नाही, तिथे बाई अर्ध्या तासाच्या वर थांबूच शकत नाही. आजी आणि गरोदर लेक तर नाहीच नाही.

राणीबागेची आणखी एक गोष्ट सांगते. २००७ च्या सुमारास तिथे परदेशी थाटाचं प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना आली. जुन्या झाडांचं काय होणार, या काळजीने काही नागरिक उभे राहिले, त्यात पुढाकार बायकांचा होता. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, पत्रं लिहिली, अधिकाऱ्यांच्या दारात खेटे घातले. मोठी योजना मूळ रूपात झाली नाही आणि झाडं आज उभी आहेत. त्यांच्याकडे होती ती चिकाटी.

आणि धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान? जवळजवळ ३७ एकरांची ती जागा आधी कचऱ्याचा डेपो होती. तिथे झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे फुलपाखरं येतात. कचऱ्यावर जंगल उभं राहू शकतं, तर आपल्या गावात का नाही?

आपल्या जालन्याला मोतीबाग आहे, पण शहर केवढं वाढलं! 'जालना सोने का पालना' म्हणतात, त्या पाळण्यात बाईला टेकायला जागा किती? नव्या वसाहतींचे लेआउट मंजूर होताना मोठ्या जागेत साधारण दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती 'ओपन स्पेस' तुमच्या कॉलनीतही असेल. बहुतेक ठिकाणी तिथे वाळूचा ढीग, कचरा किंवा कुणाच्या तरी गाड्या असतात. उद्यानं आणि क्रीडांगणं ही पालिकेच्या कामांपैकी आहेत, हे १९९२ च्या घटनादुरुस्तीतच लिहिलेलं आहे. आणि राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मग सांगायला तरी कुणाला घाबरायचं?

मराठवाड्यात पाण्याची ओढ असते, त्यामुळे हिरवळीचा आणि कारंज्याचा हट्ट नको. कडुनिंब, वड, करंज, चिंच अशी आपली झाडं, चार बाक, एक दिवा, एक स्वच्छतागृह आणि दुपारी उघडं फाटक. एवढं झालं तरी पुष्कळ.

मोठ्या शहरात जाल तेव्हा एक दुपार बागेसाठी ठेवाच. पुण्यात सारसबाग आहे, सिंहगड रस्त्याला जपानी धर्तीचं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा आहे. निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. राणीबाग बुधवारी बंद असते. डबा आणि सतरंजी घ्या, कचरा परत पिशवीत आणा. दोघी-तिघी मिळून जा. आणि बागेत गेल्यावर दिवा कुठे आहे, बाक कसे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, हे नीट पाहून या.

मग घरी आल्यावर कॉलनीतल्या दहा जणी गोळा करा, पालिकेत जाऊन आपल्या लेआउटचा नकाशा मागा आणि त्यावर मोकळ्या जागेचा चौकोन शोधा. सह्यांचा अर्ज लिहायला एक दुपार पुरते!