गरम पाण्याची धार बारीक का होते?

थंडी सुरू झाली की घरोघरी एक तक्रार ऐकू येते : गार पाण्याचा नळ धो धो वाहतो, पण गिझरच्या नळाला करंगळीएवढीच धार येते. तक्रारीमागोमाग सल्लेही येतात. कोणी म्हणतो गिझर बदला, कोणी म्हणतो पंप बसवा, तर कोणी म्हणतो गिझरखालची ती झडपच काढून टाका. पहिले दोन सल्ले खर्चाचे आहेत. तिसरा जिवावर बेतू शकतो. वास्तविक हा प्रश्न आठवी-नववीच्या विज्ञानाने सुटण्यासारखा आहे. त्यासाठी लागतात एक बादली, एक सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि क्रमाने विचार करण्याची सवय.

गिझर पाणी ढकलत नाही

जुन्या तांब्याच्या बंबात नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच गरम पाणी बाहेर येई. विजेचा साठवणीचा गिझर नेमके हेच करतो; फरक एवढाच, की तो चारी बाजूंनी बंद असतो. गार पाणी तळाशी शिरते आणि वरच्या थरातले गरम पाणी बाहेर ढकलले जाते. भरलेल्या बंद भांड्यात जेवढे शिरेल तेवढेच बाहेर पडणार. म्हणून गरम नळाची धार बारीक असेल तर अडथळा नळापाशीच असेल असे नाही. तो गार पाणी गिझरमध्ये शिरण्याच्या वाटेवरही असू शकतो.

पाणी तापल्यामुळे धार मंदावते असाही एक समज आहे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याची विष्यंदिता २५ अंशाच्या पाण्याच्या सुमारे निम्मी असते. म्हणजे गरम पाणी गार पाण्यापेक्षा सहज वाहायला हवे. खात्री करायची तर गिझर बंद ठेवून, पाणी गार असतानाच धार पाहावी. ती तेव्हाही बारीकच असेल तर उष्णतेला दोष देता येत नाही.

ढकलणारा जोर येतो तो गच्चीवरच्या टाकीतून. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून ३ मीटर उंच असेल तर दाब सुमारे ०.३ वातावरण एवढाच मिळतो. वरच्या मजल्यावर तो मुळातच बेताचा असतो. नळ बंद असताना हा दाब पूर्ण असतो, अगदी वाटेत टाचणीएवढेच भोक मोकळे असले तरी! पाणी वाहू लागले की अरुंद जागी तो खर्च होतो. नळ उघडताच क्षणभर चांगली धार येऊन लगेच मंदावते, तेव्हा वाटेत कोठे तरी अडचण आहे असे समजावे.

सोलापूरचे पाणी काय करते?

सोलापूर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. या खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. असे पाणी तापवले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. तो तापणाऱ्या कांडीवर आणि गरम पाण्याच्या पाइपात जमतो. १५ मिलिमीटर पोकळीचा पाइप थर बसून १० मिलिमीटरचा झाला, तर त्याच दाबाखाली त्यातून येणारे पाणी सुमारे एक तृतीयांशावर येते. थर खरवडून त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो कार्बोनेट.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. उजनी धरणाचे पाणी लांबून सोलापुरात येते आणि अनेक वर्षे ते काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. त्यामुळे हौद आणि टाक्या तळापर्यंत रिकाम्या होतात. तळाचा गाळ पाइपात उतरतो आणि गिझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो. शिवाय रिकाम्या पाइपात हवा शिरते. गरम पाण्याचा पाइप दरवाज्यावरून चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा अडकते आणि थोड्या दाबाला ती हटत नाही. टाकी भरल्यावर सर्वांत खालचा गरम नळ पूर्ण उघडून ठेवला की पुष्कळदा ती खडखडत निघून जाते. गरम नळाला सलग धार येईपर्यंत मात्र गिझरचे बटण लावू नये.

शोध कसा घ्यावा?

समजा, सात रस्ता भागात एक दुमजली घर आहे. चौकातून निघणाऱ्या एकाच रस्त्यावर वाहने तुरळक असतील तर खोळंबा चौकाच्या पुढे, त्या रस्त्यावर असणार. सगळेच रस्ते ओस पडले असतील तर तो चौकाच्या अलीकडे असणार. पाइपांचेही तसेच आहे.

१. गिझर बंद ठेवून १० लिटरची बादली गार नळाखाली आणि मग गरम नळाखाली भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. गार नळाला ६० आणि गरम नळाला १५० सेकंद लागले, तर मिनिटाला १० आणि ४ लिटर पाणी येते आहे.

२. दोन्ही नळ मंद असतील तर दोष सामाईक वाटेवर आहे : टाकी, तिचा कॉक किंवा मुख्य पाइप.

३. फक्त गरम नळ मंद असेल तर घरातले सगळे गरम नळ तपासा. एकच मंद असेल तर त्या नळाची जाळी किंवा वॉशर पाहा.

४. सगळेच गरम नळ मंद असतील तर गिझरचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून तोडा आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या. गिझरचा कॉक बंद करून प्लंबरकडून गार पाण्याची जोडनळी सोडवा, तिचे तोंड बादलीत धरा आणि कॉक उघडा. येथेच धार बारीक असेल तर गिझर निर्दोष आहे. ती जोरदार असेल तर अडथळा पुढे आहे : झडपेची जाळी, गिझर किंवा बाहेर जाणारा पाइप.

५. नळी पुन्हा जोडून आता गरम बाजूची नळी सोडवा. येथे पाणी भरपूर आले तर दोष पुढच्या पाइपात, नाही तर झडपेत किंवा गिझरमध्ये.

प्रत्येक पायरीला संशयाची जागा कमी होत जाते. एका वेळी एकच बदल करायचा, हा प्रयोगाचा नियम येथेही पाळावा.

वर्गातील प्रयोग

प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला दोन भोके पाडून सलाइनच्या दोन नळ्या हवाबंद बसवा. एक तळापर्यंत न्या, दुसरी बुचाखालीच ठेवा. बाटलीत शाईचे पाणी काठोकाठ भरा आणि लांब नळी उंचावरच्या बादलीला जोडा. आता आधी आत येणारी, मग बाहेर जाणारी नळी चिमटीत धरा. दोन्ही वेळा धार सारखीच बारीक होते! नुसती धार पाहून दोष कोठे ते का सांगता येत नाही, हे मुलांना येथे दिसते.

झडप काढू नका

२५ लिटर पाणी २५ पासून ६५ अंशापर्यंत तापले की सुमारे ०.४ लिटरने फुगते. या झडपेत पाणी परत जाऊ न देणारी सोय असते, म्हणून वाढलेले पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडते. ही गळती म्हणजे बिघाड नव्हे. पण ती झडप काढून तेथे साधी एकमार्गी झडप बसवली किंवा गळणारे भोक बुजवले, आणि त्यातच तापनियंत्रक बिघडला, तर बंद भांड्यातले पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही द्रवच राहते. भांडे फाटताच त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होते, आणि १ लिटर पाण्याची वाफ १,६०० लिटरहून अधिक जागा मागते. भिंत फोडण्यास एवढे पुरते. तेव्हा झडपेची जाळी साफ करावी, झडप खराब असेल तर तशीच नवी बसवावी; पण धारेसाठी ती कधीही काढू नये. विद्यार्थ्यांना घरचे गिझर उघडायला सांगू नये. त्यांनी फक्त बादली भरण्याचे सेकंद मोजून आणावेत आणि दोष कोठे असेल याचा तर्क वर्गात करावा.