नळावरची पाटी

'बलुतं'कार दया पवार यांची शहरावरची एक छोटी कविता आहे. कुणाला तरी जमिनीखाली विसाव्या शतकातले एक शहर सापडते. त्यात पाण्याच्या नळाविषयीचा एक लेख मिळतो. हा नळ कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला मोकळा आहे, असा त्याचा मतलब. खोदणारा कोड्यात पडतो. पाणी सर्वांचे आहे हे दगडावर कोरावे लागले, ती माणसे होती तरी कशी?

खरे सांगतो, पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हाला या कवितेचा राग आला होता. आमच्या गावच्या नळावर अशीच एक पाटी होती. आमचे वडील निरक्षर, पण त्या पाटीवरचे अक्षर न् अक्षर त्यांना पाठ. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा त्यांनी आम्हाला नळापाशी उभे करून ती मोठ्याने वाचायला लावली आणि म्हणाले, "ही बाबासाहेबांची कमाई हाय. इसरू नकोस." ज्या पाटीपुढे बापाची मान ताठ व्हायची, तिचीच कवीने शोभा करावी? आम्ही पुस्तक मिटून ठेवले.

पण कविता मनातून जाईना. मग आठवली आई. त्याच पाटीखाली, हंडा लांब ठेवून उभी असलेली. वरच्या आळीच्या बायांचे पाणी भरून होईस्तोवर ती पुढे होत नसे. आम्ही एकदा विचारले, "आये, पाटी हाय की!" आई म्हणाली, "पाटी काय हंडा उचलू लागती व्हय रं?"

तिथे आम्हाला कविता कळली.

इतिहास तरी दुसरे काय सांगतो? सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. कागद झाला, पण पाण्याला हात लागला नाही. तो लागला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब ओंजळ घेऊन खाली वाकले तेव्हा. त्यानंतर आमच्या माणसांची डोकी फुटली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली! पाटी लावणारे हात पाटी काढूही शकतात, हे विसरू नये.

म्हणून वडीलही खरे आणि कवीही खरा. पाटी ही आपल्या बापजाद्यांच्या रक्ताची कमाई आहे. तीच पाटी या समाजाच्या अपराधाचा कबुलीजबाबही आहे. विहिरी, तलाव, पाणवठे सर्वांना खुले, हे संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहावे लागले, यातच सारे आले.

आज नळ घरात आला. पण "आम्ही जातपात मानत नाही" असे सांगणारा घरमालक आधी आडनाव विचारतो. ही नवी पाटीच नव्हे काय? ती वाचून हुरळून जायचे, की तिच्यामागचे दार ढकलून बघायचे?

समाजबांधवांनो, २० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे. त्या दिवशी अभिवादन तर कराच. पण घरी मुलांना जवळ घेऊन एवढेच विचारा: पाणी सर्वांचे आहे, हे लिहावे का लागले?

जय भीम!