घरची शाळा आणि तिचा हिशेब

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा मार्ग पुण्या-मुंबईतील काही पालकांनी स्वीकारला आहे. पाठ्यपुस्तकांचे ओझे नाही, स्पर्धेची धास्ती नाही, मुलाच्या कलाने शिक्षण. यातील मोह समजण्यासारखा आहे. प्रश्न एवढाच, की या शिक्षणाची नोंद कोणी ठेवायची?

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या बालकास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. मात्र ते न पाळल्यास शिक्षा सांगितली नाही. गृहशिक्षणाविषयी कायदा मौन बाळगतो. परीक्षेची दारे उघडी आहेत: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ, तसेच दहावी-बारावीसाठी 17 नंबरचा अर्ज. पण मूल त्या परीक्षेपर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणारा कोणी नाही.

हिशेब नसला की काय होते, हे अमेरिकेत दिसले. तेथील चार्टर शाळा सरकारी पैशावर, परंतु बऱ्याच स्वायत्तपणे चालतात. 2019 मध्ये कॅलिफोर्नियात ऑनलाइन चार्टर शाळांच्या एका जाळ्यावर खटला झाला. खेळाच्या शिबिरांतील मुलांची नावे पटावर दाखवून, त्यांना न शिकवताच अनुदान उचलल्याचा आरोप होता. पुढे त्या राज्याने अशा नव्या शाळांना काही वर्षे मनाई केली. प्रामाणिकपणे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनाही त्याची झळ बसली.

आपल्या महाड-पोलादपूर भागात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट रोडावतो आहे. जुलै 2021 मध्ये तळिये येथे दरड कोसळली. पावसाळ्यातील डोंगरवाटांचा भरवसा किती, हे तेव्हा साऱ्यांनी पाहिले. वाडीतील शाळा मिटली आणि दूरची गाठता आली नाही, तर तेथील मूलही घरीच राहील. शहरातील मुलाच्या हाताशी पुस्तके आणि शिकलेले आईवडील आहेत. याच्या हाताशी गुरे आणि धाकटी भावंडे. नोंदच नसेल, तर दोघांतील फरक कागदावर दिसणार कसा?

सरकारला स्वतःच्या शाळा धड चालवता येत नाहीत, त्याने घरात डोकावू नये, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच बंधन हलके असावे. केंद्रप्रमुखाकडे नाव नोंदवावे आणि वर्षातून एकदा मुलाचे वाचन, लेखन व गणित तपासावे. कसे शिकवावे, हे पालकांनी ठरवावे. मूल शिकते आहे ना, एवढे समाजाला कळावे. जेथे ते शिकत नसेल, तेथे शिक्षक पाठवण्याची जबाबदारी शासनाची राहील. त्या नोंदीचा खरा उपयोग तोच.