ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब

टर्नटेबल घ्यायला निघालेला माणूस मोटर कोणती ते विचारतो, टोनआर्म सरळ की एस आकाराचा ते बघतो आणि कार्ट्रिजवर तर दोन-दोन महिने काथ्याकूट करतो. हेडशेलबद्दल कोणी विचारत नाही. टोनआर्मच्या टोकाला बसणारा, कार्ट्रिज ज्याच्या पोटाखाली स्क्रूनं लटकवतात तो बोटभर लांबीचा धातूचा तुकडा यंत्राबरोबर आलेलाच असतो. त्याची आठवण येते ती आवाज बिघडल्यावर, किंवा नवी कार्ट्रिज बसवताना जुन्या तारेचा चिमटा तुटून हातात आल्यावर.

सुटं होणारं हेडशेल घरोघरी पोचलं त्याला 1959 हे साल कारण आहे. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉन कंपनीनं त्या वर्षी रॉबर्ट गुडमंडसेन यांची एसपीयू ही स्टिरिओ कार्ट्रिज बाजारात आणली. कार्ट्रिज आणि शेल तिथं एकजीव होते. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या एसएमई कंपनीचा टोनआर्म आला. हे एसएमई म्हणजे ‘स्केल मॉडेल इक्विपमेंट’. अॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी 1946 साली ती काढली ती छोट्या प्रतिकृती बनवण्यासाठी. त्यांना स्वतःच्या घरासाठी चांगला टोनआर्म हवा होता, म्हणून त्यांनी एक बनवला. ज्यांनी पाहिला त्यांना तो इतका आवडला की कंपनीचा धंदाच बदलला. या दोन घराण्यांमुळे जी जोडणी रुळली तिला आज सगळे ‘एसएमई बेयोनेट’ म्हणतात. जपानी कंपन्यांनी ती उचलली आणि टेक्निक्सच्या एसएल-1200 मालिकेनं जगभर नेली.

जोडणी आपल्याकडच्या पिनच्या बल्बसारखी आहे. हेडशेलच्या मागच्या नळीवरची बारीक खुंटी टोनआर्मच्या खाचेत सरकते, बाहेरची कॉलर फिरवली की शेल आत ओढलं जातं. मागे चार संपर्कबिंदू असतात, त्यांच्यातून चार तारा कार्ट्रिजपर्यंत जातात: पांढरी आणि निळी डाव्या वाहिनीची, लाल आणि हिरवी उजवीची. कार्ट्रिज बसवायच्या दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. बहुतेक कंपन्यांनी ते पाळलं, म्हणून जपानी शेलमध्ये डॅनिश कार्ट्रिज बिनतक्रार बसते.

आता मुद्द्याचं, म्हणजे वजनाचं. टोनआर्म एका आसावर डुलतो आणि वस्तुमानाचा परिणाम आसापासूनच्या अंतराच्या वर्गानं वाढतो. म्हणून पाठीमागच्या जाडजूड काउंटरवेटपेक्षा पुढच्या टोकाचे चार ग्रॅम महत्त्वाचे. ते जवळजवळ पूर्ण मोजले जातात. दुसऱ्या बाजूला सुईची दांडी रबरावर बसवलेली असते, म्हणजे ती एक स्प्रिंगच. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या ठरते. वाकड्या तबकडीचे हेलकावे साधारण सेकंदाला पाच-सहाच्या खाली असतात आणि संगीत विसाच्या वर सुरू होतं. ही कंपनसंख्या त्या दोघांच्या मध्ये, 8 ते 12 हर्ट्‌झच्या पट्ट्यात बसवायची असते. सूत्र सोपं आहे: एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यावं, त्याला कार्ट्रिजच्या लवचीकतेनं गुणावं, गुणाकाराचं वर्गमूळ काढावं आणि त्यानं 159 ला भागावं.

एसएल-1200 एमके2 चं उदाहरण घेऊ. तिच्या टोनआर्मचं प्रभावी वस्तुमान 12 ग्रॅम, त्यात 7.5 ग्रॅमचं मूळ हेडशेल धरलेलं. त्यावर ऑर्टोफॉनची 2एम रेड बसवली: वजन 7.2 ग्रॅम, लवचीकता 20. स्क्रूंचा एखादा ग्रॅम धरला की उत्तर येतं 8 हर्ट्‌झच्या जवळ. ठीक आहे, पण काठावर. याच जागी कोणी हौसेनं 15 ग्रॅमचं देखणं शेल लावलं तर आकडा 7 च्याही खाली उतरतो. मग तबकडी जरा वाकडी असली की स्पीकरचा पडदा गाण्याशी संबंध नसताना आतबाहेर होऊ लागतो. महागड्या शेलनं आवाज बिघडवल्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे.

उलट बाजूही आहे. डेनॉनची डीएल-103 ही जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात घडवलेली कार्ट्रिज. वजन 8.5 ग्रॅम, सुई ताठ. कंपनी तिची लवचीकता 5 सांगते, पण ती 100 हर्ट्‌झला मोजलेली. आपल्या हिशेबासाठी ती दीडपट ते दुप्पट धरावी लागते. (जपानी माहितीपत्रकं वाचताना इथं भले भले फसतात.) मूळ शेलमध्ये तिचा आकडा पावणेअकरा ते साडेबारा येतो, 15 ग्रॅमच्या शेलमध्ये 9 ते 11. म्हणजे 2एम रेडला जे जड शेल मारक, ते हिला मानवतं. ऑडिओ-टेक्निकानं तर आपल्या शेलच्या नावातच वजन घातलं आहे: एलएच13, एलएच15, एलएच18. खरेदीदाराला याहून उपयोगी नाव देता येणार नाही. फक्त जड शेल घेण्याआधी काउंटरवेटला तेवढा तोल पेलतो का ते पाहावं. टेक्निक्सनं यासाठी मागे जोडायचं जादा वजन दिलेलं असे.

साहित्याची चर्चा मात्र थोडक्यात आटोपावी. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कार्बन फायबर, जपानच्या यामामोतोचं आबनुसी लाकूड, सगळं मिळतं आणि प्रत्येकाचे भक्त आहेत. पण लाकडाचा ‘उबदार’ आवाज ऐकल्याचं सांगणाऱ्यानं आधी दोन्ही शेलचं वजन आणि जाडी सारखी होती का ते सांगावं. जाडी बदलली की टोनआर्मची उंची नव्यानं लावावी लागते, आणि ती न लावताच झालेल्या तुलना फार. त्यापेक्षा लांब खाचा, म्हणजे कार्ट्रिज मागेपुढे सरकवता येईल अशी सोय, आणि कार्ट्रिज डावी-उजवीकडे कललेली असेल तर सरळ करणारा स्क्रू, या दोन गोष्टींना पैसे द्यावेत. टेक्निक्सच्या आर्मवर सुईचं टोक शेलच्या मागच्या कडेपासून 52 मिलिमीटरवर यावं लागतं. खाचा तोकड्या असल्या तर ते साधत नाही.

सुटं शेल नकोच म्हणणारेही आहेत. ब्रिटनच्या रेगा कंपनीनं 1983 साली आरबी300 हा टोनआर्म शेलसकट एकसंध ओतून काढला. प्रत्येक सांधा कंपनं गळू देतो, हे त्यांचं म्हणणं आणि ते चुकीचं नाही. पण त्या आर्मवर कार्ट्रिज बदलणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

ज्यांच्या घरी एलपींबरोबर 78च्या तबकड्याही आहेत त्यांना हे परवडणारं नाही. मराठी माणसाचा या विषयाशी खरा संबंध इथं येतो. बालगंधर्वांची नाट्यपदं, गजाननराव वाटव्यांची भावगीतं मूळ 78वरच निघाली. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी असा खजिना वर्षानुवर्षं राखला आहे. 78ची खाच रुंद असते. तिला सुमारे 3 मिलचं, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशांचं टोक लागतं. एलपीचं गोल टोक साधारण 0.7 मिलचं. एलपीची सुई 78वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर ऐकवते आणि स्वतः खराब होते. म्हणून दुसऱ्या शेलमध्ये 78ची कार्ट्रिज कायमची बसवून ठेवावी. यंत्राला 78चा वेग आहे ना, तेवढं तपासावं. शेल बदललं की सुईचा दाब पुन्हा लावायचा.

हेडशेल बनवणाऱ्यांपैकी एक मोठं नाव आता नाही. जेल्को या नावानं ओळखली जाणारी जपानची इचिकावा ज्वेल कंपनी 1920 साली सुरू झाली आणि 2020 साली बंद पडली. त्यामुळे चांगली जुनी शेल शोधणाऱ्यांची संख्या वाढते आहे. जुनं घेताना मागचे चार बिंदू काळे पडलेत का ते बघा. एक बाजू मुकी होण्याचं कारण बरेचदा तेच असतं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून ते निघतं. तारा बदलताना कार्ट्रिजच्या पिनांना डाग देऊ नका, उष्णतेनं आतली गुंडाळी जाते. डाग द्यायचाच तर तारेच्या चिमट्याला, तोही तो कार्ट्रिजपासून सुटा करून. आणि मागच्या नळीभोवतीचं रबरी वॉशर जागेवर आहे का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ते नसलं की कॉलर कितीही आवळली तरी शेल डुलत राहण्याची शक्यता असते.