पडल्यावर बसवून ठेवू नका

सत्तरी ओलांडलेल्या आजी न्हाणीघरात घसरतात. नशिबाने मुक्या मारावर निभावते. पण त्या दिवसापासून घरात नवे नियम लागू होतात. देवळात एकटीने जायचे नाही, जिना उतरायचा नाही, पाणीसुद्धा उठून घ्यायचे नाही. ‘तुम्ही फक्त बसा, हवे ते हातात देतो,’ असे सगळे प्रेमाने सांगतात. सहा महिन्यांनी त्याच आजी पलंगावरून उठताना पुन्हा पडतात आणि या वेळी खुब्याचे हाड मोडते. असे अनेक घरांत घडते, आणि त्याला बऱ्याच अंशी ती काळजीच कारणीभूत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक साठीपुढची असतात. तरीही ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून विषय मिटवला जातो.

उभे राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर लागते. डोळे आजूबाजूचे दाखवतात, कानाच्या आतल्या भागातील नलिका डोके कुठे वळले ते सांगतात आणि तळपाय व घोट्यांतील नसा पायाखाली काय आहे ते कळवतात. एक खबर कमी पडली की बाकीच्या दोन सांभाळून घेतात. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉ. मोरिट्झ रोमबर्ग यांच्या लक्षात आले, की पायांची जाणीव हरवलेला रुग्ण डोळे उघडे असेपर्यंत उभा राहतो, डोळे मिटले की डोलू लागतो. ही तपासणी आजही केली जाते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाचे नेमके हेच होते. दिवसा तो बिनघोर चालतो, पण तोंडाला साबण लावून डोळे मिटले किंवा रात्री अंधारात लघवीला उठला, की तोल जातो. न्हाणीघर धोक्याचे असते ते केवळ ओल्या फरशीमुळे नव्हे.

खबर वेळेवर पोहोचली तरी पुढचे काम स्नायूंचे. ठेच लागल्यावर दुसरे पाऊल झटकन पुढे पडले तर माणूस सावरतो. खुर्चीत बसून राहिलेल्याच्या मांड्यांत ती ताकद आणि चपळाई उरत नाही. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की पाय दुबळे होतात आणि मग भीती खरी ठरते.

दिलासा असा, की तोल सरावाने सुधारतो, अगदी ऐंशीतही. २०१९ मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. मात्र हा फायदा दिसला तो मुख्यतः तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामांत. नुसती संध्याकाळची फेरी त्यासाठी पुरेशी आहे, असे त्यातून सिद्ध झाले नाही.

सुरुवात स्वयंपाकाच्या ओट्याशी करता येते. ओटा धरून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवायची आणि दहा सेकंद तसेच उभे राहायचे. जमू लागले की दोन हातांऐवजी एक हात, मग नुसते बोट टेकवायचे. त्यानंतर एका पायावर. भिंतीला लावलेल्या भक्कम खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे आणि हळू बसणे हा दुसरा व्यायाम. थोडे डगमगायला झाले तरच सराव होतो, म्हणून सुरुवातीला जवळ कुणीतरी हवे. जेवणाचे टेबल घरात आले आणि पाटावरची दिवसातून चार-पाच वेळांची उठबस गेली. गुडघे दुखणाऱ्यांनी तिचा हट्ट धरू नये, पण ज्यांना जमिनीवर बसता येते त्यांनी ती सवय सोडू नये.

काही वेळा मात्र दोष पायांचा नसतोच. झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरतो किंवा गुंगी येते. त्यामुळे पडलेल्या माणसाचा रक्तदाब झोपून आणि उभा असताना, असा दोनदा मोजायला हवा आणि सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर मांडायला हव्यात. मनानेच त्या बंद करू नयेत. अंथरुणात कूस बदलताना गरगरत असेल, तर बहुधा कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सरकलेले असतात. डॉक्टर डोके ठरावीक पद्धतीने फिरवून ते दवाखान्यातच मार्गी लावू शकतात. लोक मात्र महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेत राहतात.

घरात पायपुसणे सरकणारे नको, रात्री छोटा दिवा हवा. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, कारण टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. जिना उतरताना बायफोकल चष्म्याची खालची काच पायरी पुसट दाखवते, हेही ध्यानात ठेवावे.

पडल्यावर उठायचे कसे, हे घरात कधी शिकवले जात नाही. घाई न करता आधी कुठे दुखते ते पाहावे. खुब्यात कळ येत असेल किंवा पाय हलत नसेल तर उठू नये, हाक मारावी. तसे नसेल तर कुशीवर वळावे, रांगत खुर्चीपर्यंत जावे, बैठकीवर दोन्ही हात रोवावेत, एक पाऊल जमिनीवर टेकवून उठावे आणि वळून बसावे. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा करवून घ्यावे, तेही पडण्याआधी.